विश्लेषण : ख्रिसमस ट्री राजवाड्यात नेला सुनेने, श्रेय मिळाले नातजावयाला! कोण होती राणी शार्लट?

डिसेंबर उजाडला की नाशिकमध्ये शरणपूर रोडच्या चर्च परिसरापासून नाशिकरोडपर्यंत कागदी चांदण्या लटकू लागतात. मॉलच्या दारात दोन मजली उंचीचा ख्रिसमस ट्री उभा राहतो आणि त्याच्यासमोर सेल्फीसाठी रांग लागते. हा ट्री इंग्लंडच्या राजघराण्यामुळे जगभर पोहोचला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कुणी आणला, हे मोबाइलवर शोधले की उत्तर बहुधा एकच मिळते : राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट.

हे उत्तर अर्धवट आहे. अल्बर्टचा जन्म १८१९ चा. त्याच्या जवळपास १९ वर्षे आधी, १८०० च्या नाताळात, विंडसरमधील राजनिवासाच्या मोठ्या दालनात एक अख्खे झाड मेणबत्त्या, मनुके आणि खेळण्यांनी सजवण्यात आले होते. ते सजवून घेणारी होती व्हिक्टोरियाची आजी, राणी शार्लट. म्हणजे नात्याने पाहिले तर झाड आणले सुनेने आणि नाव झाले नातजावयाचे.

नेटफ्लिक्सवरील २०२३ च्या मालिकेमुळे शार्लट हे नाव भारतातही घरोघरी पोहोचले. मात्र त्या मालिकेत कल्पनेचा भाग मोठा आहे. खरी शार्लट वेगळी होती, आणि तिची गोष्ट काही कमी नाट्यमय नाही.

सतरा वर्षांची नवरी, अनोळखी देश

शार्लटचा जन्म १९ मे १७४४ रोजी उत्तर जर्मनीतील मिरो या लहानशा गावी झाला. तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हता. लहान-मोठ्या संस्थानांचा तो पट होता. त्यातले मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झ हे तिचे माहेर. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या संस्थानाची राजकन्या म्हटली तर अंदाज यावा. शार्लट आठ वर्षांची असताना वडील गेले. पुढे मोठा भाऊ गादीवर आला.

१७६० मध्ये तिसरा जॉर्ज इंग्लंडचा राजा झाला. वय २२, अविवाहित. वधूसंशोधन सुरू झाले. प्रोटेस्टंट पंथाची, राजकारणात लुडबुड न करणारी मुलगी हवी होती. लहान संस्थानातली मुलगी त्या दृष्टीने सोयीची, कारण तिच्यामागे बलाढ्य माहेर नसते. शार्लटची निवड झाली ती अशी. लग्न ठरत असतानाच, २९ जून १७६१ रोजी तिची आई वारली. दुखवट्यातच ती निघाली.

वादळी समुद्रप्रवास करून ८ सप्टेंबर १७६१ रोजी ती लंडनला पोहोचली. नवऱ्याला तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि त्याच रात्री सेंट जेम्स पॅलेसमध्ये लग्न लागले. वय १७, इंग्रजीचा गंध नाही. दोन आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला राज्याभिषेक. त्यानंतर ती ५७ वर्षे इंग्लंडची राणी होती, पण माहेरी एकदाही परत गेली नाही.

तेव्हा नाशिक-पुण्यात काय चालले होते?

काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून एक संदर्भ. शार्लटचे लग्न झाले त्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. २३ जूनला नानासाहेब पेशव्यांचे निधन झाले, म्हणजे शार्लटच्या आईच्या मृत्यूच्या अवघे सहा दिवस आधी. पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव आणि पाठोपाठ पती गमावलेल्या गोपिकाबाई पुढे नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी तिकडे शार्लटच्या संसारावर सर्वात मोठे संकट कोसळले. ते पुढे येईलच.

माहेरची प्रथा नेमकी काय होती?

नाताळात घरात झाड सजवण्याची पद्धत जर्मन भाषिक प्रदेशातली. स्ट्रासबर्गमध्ये १६०५ च्या एका नोंदीत लोक दिवाणखान्यात फरचे झाड उभे करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंद आणि मिठाई लावत असल्याचे वर्णन आहे. पण सगळ्या जर्मनीत एकच पद्धत नव्हती. मेक्लेनबर्गच्या बाजूला अख्खे झाड नव्हे, तर ‘यू’ नावाच्या सदाहरित वृक्षाची एक मोठी फांदी घरात आणत.

ही पद्धत कशी होती, हे इंग्रज कवी कोलरिज याच्यामुळे कळते. १७९८ चा हिवाळा त्याने उत्तर जर्मनीत रात्झेबुर्ग येथे काढला. तिथल्या घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुले एका खोलीत टेबलावर यूची फांदी बांधत. तिच्यावर बारीक मेणबत्त्या खोचत, रंगीत कागद लावत. आई-वडिलांना तोवर आत यायला बंदी. फांदीखाली मुलांनी आई-वडिलांसाठी आणलेल्या भेटी मांडलेल्या असत, कारण या पद्धतीत पहिली भेट मुले मोठ्यांना देत. दुसऱ्या दिवशी मोठ्यांची पाळी. मेणबत्त्या संपत आल्या की फांदीची टोके पेट घेत आणि तडतडत. मुलांना त्याचीच जास्त मौज वाटे.

हिरवी पाने, उघडी ज्योत आणि आजूबाजूला कागद. आजचा कोणताही अग्निशमन अधिकारी हे पाहून डोक्याला हात लावेल. पुढे अशा झाडाशेजारी पाण्याची बादली ठेवायची पद्धत पडली. विजेच्या दिव्यांची माळ यायला १८८२ उजाडले. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधील घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे ८० बल्ब झाडावर लावले, ती सुरुवात.

यूबद्दल आणखी एक गोष्ट. हा वृक्ष दिसायला देखणा, पण पाने आणि बिया विषारी. हिमालयात त्याचा भाऊबंद आढळतो. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल हे औषध पहिल्यांदा मिळाले ते याच कुळातल्या अमेरिकन झाडाच्या सालीतून.

तर ही यूची फांदी शार्लटने सासरी नेली. तेही गाजावाजा न करता. राजघराण्याच्या नाताळात दालनात फांदी उभी राहायची, राणी स्वतः दरबारातल्या स्त्रियांसोबत ती सजवायची, मेणबत्त्या लागल्या की सगळे भोवती जमायचे. इंग्लंडमध्ये त्या काळी नाताळात घर हॉली आणि आयव्हीच्या हिरव्या वेलींनी सजवत. दिवे लावलेली फांदी ही पाहुण्यांना नवलाची वस्तू होती. सासुरवाशिणीने माहेरचा एखादा पदार्थ सणाला करावा आणि दोन-चार वर्षांत तो त्या घरचाच होऊन जावा, तसे काहीसे झाले.

झाडे तिच्या आवडीचीही होती

शार्लटचा फावला वेळ संगीत आणि वनस्पती यांत जाई. संगीतात तिचा गुरू योहान क्रिस्तियान बाख, म्हणजे थोरल्या बाखचा मुलगा. १७६४ मध्ये आठ वर्षांचा मोत्झार्ट लंडनला आला तेव्हा तो तिच्यासमोर वाजवून गेला आणि पुढच्या वर्षी छापलेल्या सहा सोनाटा त्याने तिला अर्पण केल्या.

वनस्पतींची आवड मात्र हौसेच्या पलीकडची होती. लंडनजवळच्या क्यू येथील शाही बागेत जगभरातून रोपे येत. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका झाडाला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी तिच्या माहेरावरून ‘स्ट्रेलिट्झिया रेजिनी’ असे नाव दिले. नाव अनोळखी वाटले तरी फूल सगळ्यांनी पाहिले आहे : सत्कारांच्या बुकेमध्ये मधोमध खोचलेले, पक्ष्याच्या चोचीसारखे नारिंगी-निळे ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’. स्ट्रेलिट्झ नकाशात शोधावे लागते, पण त्याचे नाव फुलवाल्याच्या बादलीत रोज असते.

१५ मुले आणि राजाचे आजारपण

शार्लट आणि जॉर्ज यांना १५ अपत्ये झाली. त्यातली १३ मोठी झाली. आल्फ्रेड आणि ऑक्टेव्हियस हे दोन मुलगे १७८२ आणि १७८३ मध्ये पाठोपाठ गेले. लग्नानंतर लवकरच जॉर्जने तिच्यासाठी लंडनमध्ये बकिंगहॅम हाऊस घेतले. आजचा बकिंगहॅम पॅलेस तो हाच. एक सोडून बाकी सगळी मुले तिथे जन्मली. त्या काळच्या राजांच्या मानाने जॉर्ज एकनिष्ठ नवरा होता. घर साधे, जेवण साधे. चेष्टा व्हायची इतके साधे.

१७८८ च्या शरद ऋतूत राजाचे मन थाऱ्यावर राहिनासे झाले. तो तासन् तास अखंड बोलत राही, झोप नाही, वागण्याला धरबंध नाही. आजार कोणता होता यावर डॉक्टर आणि इतिहासकार आजही भांडतात. तेव्हाचे उपचार म्हणजे फोड आणणारे लेप, औषधे आणि हातपाय बांधून ठेवणे. राणीला त्याच्यापासून दूर ठेवले गेले. संसदेत थोरल्या मुलाकडे कारभार सोपवण्याची चर्चा सुरू झाली. मुलगा आणि आई एकमेकांविरुद्ध उभे राहिले. १७८९ च्या फेब्रुवारीत राजा सावरला, पण शार्लट पहिल्यासारखी राहिली नाही. ती चिडचिडी झाली, मुलींना जवळून हलू देईना. सहा मुलींपैकी थोरलीचे लग्न १७९७ मध्ये झाले. बाकीच्या आईभोवतीच वाढत्या वयाने बसून राहिल्या. एलिझाबेथचे लग्न झाले तेव्हा ती ४७ वर्षांची होती. शार्लटच्या आयुष्यातली ही बाजू झाकण्यासारखी नाही. घर धरून ठेवण्याच्या धडपडीत तिने मुलींचे आयुष्यही धरून ठेवले.

१८०० च्या नाताळात काय घडले?

ते वर्षच वाईट होते. पिके बुडाल्याने पाव महागला होता, ठिकठिकाणी दंगे झाले होते. १५ मे रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफिल्ड नावाच्या माणसाने राजावर गोळी झाडली. ती चुकली. नेपोलियनच्या फ्रान्सशी युद्ध चालूच होते.

राजघराणे विंडसरला क्वीन्स लॉजमध्ये राहत असे. विंडसरच्या किल्ल्याचा बराच भाग तेव्हा राहण्याजोगा नव्हता, म्हणून दक्षिणेच्या बाजूला हे ऐसपैस घर बांधले होते. नाताळच्या दिवशी राणीने ६० गरीब कुटुंबांना पोटभर जेवण दिले. संध्याकाळी परिसरातल्या प्रतिष्ठित घरांतल्या मुलांना लॉजवर बोलावले.

या वेळी तिने फांदीवर भागवले नाही. दालनाच्या मध्यभागी प्रचंड मोठा टब ठेवला होता आणि त्यात यूचे अख्खे झाड उभे होते. फांद्यांवर मिठाईचे झुबके, कागदाच्या पुड्यांत बांधलेले बदाम आणि मनुके, फळे, खेळणी. सगळे नीट रचून टांगलेले आणि मधून मधून बारीक मेणबत्त्या पेटवलेल्या. मुलांनी झाडाभोवती फेरी मारली, डोळे भरून पाहिले. मग झाड उतरवले गेले ते थेट मुलांच्या हातात : प्रत्येकाला खाऊचा वाटा आणि एक खेळणे.

द्राक्षांच्या नाशिकला मनुकांचे अप्रूप वाटणार नाही. इंग्लंडमध्ये मात्र मनुके आणि बदाम दक्षिणेकडच्या देशांतून जहाजाने येत. त्या डिसेंबरात ते झाडाला टांगणे हा मोठा थाट होता. गरिबांना जेवण आणि झाड मात्र प्रतिष्ठितांच्या मुलांना, ही विभागणीही नोंद घेण्यासारखी आहे.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या संध्याकाळी शार्लट ५६ वर्षांची होती. तिचे स्वतःचे एकही मूल लहान राहिले नव्हते. सर्वात धाकटी अमेलिया १७ वर्षांची होती, म्हणजे आई परक्या देशात नवरी म्हणून उतरली त्या वयाची. खेळण्यांसाठी घरात कुणी उरले नव्हते, म्हणून मुले बाहेरून बोलवावी लागली. नाताळ उलटून दोन महिने होण्याआधीच, फेब्रुवारी १८०१ मध्ये राजाचा आजार उलटला. १८०४ मध्ये पुन्हा. १८१० मध्ये अमेलिया गेली आणि राजा कायमचा कोलमडला. १८११ पासून थोरला मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. मधल्या काळात, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने कंपनीशी वसईचा तह केला होता.

शार्लटच्या शेवटच्या वर्षी, जुलै १८१८ मध्ये, क्यू येथे तिच्यासमोर दोन मुलांची लग्ने एकदमच लागली. त्यातल्या एडवर्डची मुलगी म्हणजे व्हिक्टोरिया. ती जन्मली मे १८१९ मध्ये. आजीने नात पाहिली नाही, कारण १७ नोव्हेंबर १८१८ रोजी क्यू येथेच शार्लटचे निधन झाले होते. जॉर्ज विंडसरमध्ये होता. दृष्टी गेलेली, भान हरपलेले. बायको गेल्याचे त्याला कळले नाही असे मानले जाते. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि नाशिकवर कंपनीचा अंमल आला.

मग श्रेय अल्बर्टला कसे गेले?

१८०० च्या त्या झाडाचे वर्णन उरले ते जॉन वॉटकिन्स यांच्यामुळे. शार्लट गेल्यानंतर १८१९ मध्ये त्यांनी तिचे चरित्र छापले, त्यात ते आहे. त्या संध्याकाळी आलेली मुले बड्या घरची होती. पुढे काही सरदार घराण्यांत नाताळात झाड लागू लागले. पण मामला तेवढ्याच वर्तुळात राहिला. लाखो लोकांनी ते झाड पाहिलेच नव्हते, आणि पाहायचे साधनही नव्हते.

राजघराण्यात प्रथा चालू राहिली. १८३२ च्या नाताळात १३ वर्षांच्या व्हिक्टोरियाने रोजनिशीत दिवे आणि साखरेच्या दागिन्यांनी सजलेल्या झाडांची नोंद केली आहे. तेव्हा अल्बर्टशी तिचे लग्न व्हायला सात वर्षांहून अधिक अवकाश होता. ख्रिसमस ट्री तिला नवऱ्याने दाखवला, ही समजूत इथेच निकालात निघते. योगायोग म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिकमधील कामही १८३२ मध्येच सुरू झाले. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत त्यातून १८५० च्या दशकात उभी राहिली.

१८४० मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचे लग्न झाले. तोही जर्मन, त्याचेही बालपण अशाच झाडांभोवती गेलेले. त्याने विंडसरला दरवर्षी झाडे लावली, हौसेने सजवली. हे श्रेय त्याचेच. पण फरक पडला तो छापखान्यामुळे. डिसेंबर १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने पूर्ण पान चित्र छापले : टेबलावर झाड, भोवती राणी, अल्बर्ट आणि मुले. आजच्या भाषेत ते व्हायरल झाले. राणीच्या घरी आहे ते आपल्याही घरी हवे, असे मध्यमवर्गाला वाटले आणि काही वर्षांत झाड सर्वत्र दिसू लागले.

१८५० मध्ये अमेरिकेतील ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने तेच चित्र उचलले, पण थोडी कारागिरी करून. व्हिक्टोरियाच्या डोक्यावरचा मुकुट खोडला, अल्बर्टची मिशी आणि छातीवरचा पट्टा काढून टाकला. झाले एक साधे अमेरिकन कुटुंब! फोटोशॉपच्या १४० वर्षे आधी केलेल्या या एडिटने ख्रिसमस ट्री अमेरिकेत घरोघरी नेला.

शार्लटच्या झाडाचे असे चित्र कुणी काढले नाही. ती संध्याकाळ ज्या घरात झाली ते क्वीन्स लॉजही उरले नाही. तिच्याच थोरल्या मुलाने, चौथ्या जॉर्जने, १८२३ मध्ये विंडसरच्या नूतनीकरणात ते पाडून टाकले.

नाशिकच्या नर्सरीत मिळतो तो कोणता?

‘ख्रिसमस ट्री’ म्हणून आपल्याकडच्या नर्सरीत कुंडीत मिळतो तो यू नाही, आणि युरोपातला फर किंवा स्प्रूसही नाही. त्यांना लागणारी थंडी इथे नसते. तो असतो अरोकेरिया. एकावर एक मजल्यांसारख्या पसरलेल्या फांद्या, सरळ शेंडा, त्यामुळे दिसायला ट्री अगदी चित्रातला. याचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया येथे. कॅप्टन कुक १७७४ मध्ये या दोन्ही बेटांवर पोहोचला, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज आणि शार्लटच होते. कुंडीतल्या रोपाच्या फांद्या लवचिक असतात. जड गोळे टांगले तर त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. हलक्या कागदी वस्तू आणि एलईडीची माळ पुरे. शेंडा मात्र चुकूनही छाटू नये, तो तुटला की झाड सरळ वाढत नाही.